बाण बदलले, नेम कुठे शोधायचा?

कंपाऊंड धनुष्य आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलं असेल ते २०२३ मध्ये, टीव्हीवर किंवा मोबाईलवर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी आपल्या नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये जगज्जेता झाला. अंतिम लढतीत त्याने पंधरा बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. पुढे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदकं आणली. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली घडलेले. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडच्या मिश्र सांघिक लढती होणार आहेत, त्यामुळे गावोगावच्या पोरांना या खेळात पुढचं काहीतरी दिसू लागलं आहे.

आमच्या भिवापुरातही ते वारं आलं. भिवापूर म्हटलं की लोकांना मिरची आठवते. आमच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि हंगामात गावभर तिचा ठसका असतो. सातऱ्यावर बसून मिरचीची देठं खुडणाऱ्या बायांमध्ये माझी थोरली बहीण, आमची आपा, कित्येक वर्षं आहे. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, आधी बांबूच्या धनुष्यावर हात बसवला. दोन वर्षांपूर्वी आपाने भिशीचे पैसे उचलून तिला जुनं, वापरलेलं कंपाऊंड धनुष्य घेऊन दिलं. नागपूर इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. नागभीडची छोटी रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून एसटीशिवाय पर्याय नाही. म्हणून पोरगी आठवड्यातून एकदा शिकायला जाते आणि बाकीचे दिवस ओळखीच्या शेतात सराव करते. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं होतं. धुऱ्याच्या अलीकडे मातीचा उंच ढीग घालून त्याच्यापुढे आम्ही निशाणाचा ठोकळा उभा केला आहे. मागून कुणी येऊ नये म्हणून मी तिथे बसतो. माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे, सकाळी उशिरा उघडलं तरी चालतं.

फेब्रुवारीत नवे बाण आले. जुन्या डझनातले सातच उरले होते आणि निवड चाचणी बारा दिवसांवर होती. नवे बाण जुन्यापेक्षा सडपातळ, कार्बनचे, वाऱ्यात कमी हलणारे. घरच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे त्यात गेले होते. आणि पहिल्याच दिवशी ५० मीटरवरून मारलेले बाण पिवळ्याच्या खाली वीतभर, थोडे डावीकडे, निळ्यात जाऊन बसले. तेही एका ठिकाणी नाहीत. आधी तिचे सहा बाण एका बशीत मावायचे, आता ताट लागत होतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंपाऊंडच्या दोन्ही टोकांना कॅम, म्हणजे लंबगोल चाकं असतात. हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाने १९६९ मध्ये याचं पेटंट मिळवलं. दोरी खेचताना मधे पूर्ण जोर लागतो, पण शेवटापर्यंत ओढली की चाक फिरून बराचसा भार उतरतो आणि बोटांवर थोडाच राहतो. त्यामुळे निवांत नेम धरता येतो. दोरीतच एक बारीक छिद्राची कडी असते, तिला पीप म्हणतात. पुढे दांड्यावर भिंग आणि पाणपातळी असलेली साइट असते. डोळा, पीप, साइट आणि निशाण एका रेषेत आले की बोटाने नव्हे, हातातल्या रिलीजच्या खटक्याने बाण सोडायचा. निशाण ५० मीटरवर, ८० सेंटिमीटर मापाचं. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं.

अशा खेळात बाण वीतभर खाली गेला की लोक काय म्हणतात? त्या आठवड्यात तिच्यासोबत शिकणाऱ्यांपैकी एका मोठ्या खेळाडूने लांबून पाहिलं आणि सल्ला दिला, "ते डोक्यावरचं काढून मारून पाह्य एकदा. दोरी त्यालेच लागते."

माणूस वाईट नव्हता. त्याच्या बोलण्यात तांत्रिक तथ्यही होतं. दोरी सुटताना सैल बाहीला, गळ्यातल्या साखळीला, ओढणीच्या टोकाला घासली तर बाण भरकटतोच. म्हणूनच धनुर्धर छातीवर पट्टा बांधतात आणि केस मागे ओढून घेतात. पण भाची ओढणी दोन वर्षांपासून त्या पट्ट्याखाली खोचून, पिना लावून बांधते. दोन वर्षांत तिचे बाण बशीत मावत होते तेव्हा ओढणीची कुणाला आठवण झाली नव्हती. इराणची झहरा नेमाती डोक्यावर स्कार्फ बांधूनच लंडन, रिओ आणि टोकियो अशा तीन पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकली. धनुष्य वेगळ्या प्रकारचं, पण दोरी सुटायची ती तशीच. हे सगळं मला त्या सल्लागाराला सांगता आलं असतं. पण मी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती गप्प झाली होती. तीन दिवस शेतात आली नाही. आपा मला म्हणाली, "भाई, तिला विचार तरी. पैसे गेले ते गेले, पण पोरगी जेवत नाही."

मी विचारलं तेव्हा तिने मलाच उलट विचारलं, "मामू, तुमच्या दुकानात काटा चुकीचं दाखवतो तेव्हा तुम्ही आधी काटा तपासता की गिऱ्हाईक?"

मी म्हणालो, "आधी ठाऊक असलेलं वजन ठेवून बघतो."

"मग माझ्याकडे ठाऊक असलेलं वजन आहे," ती म्हणाली. ते म्हणजे उरलेले सात जुने बाण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तेच घेऊन आली. आधी एकेक बाण दोन्ही हातांनी हलकाच वाकवून, कानाशी धरून पाहिला. कार्बनला तडा असेल तर करकर ऐकू येते, आणि असा बाण सोडला तर तो हातात फुटू शकतो. एक बाद झाला. सहा उरले. ओढणी रोजचीच, रोजच्यासारखी बांधलेली. ५० मीटरवरून सहाही बाण मारले. पाच पिवळ्यात, एक लालच्या कडेला. बशी परत आली. मग लगेच नवे सहा. ताट, खाली, डावीकडे. पुन्हा जुने. बशी.

अर्ध्या तासात ओढणी सुटली, हात सुटला, डोळा सुटला आणि धनुष्यही सुटलं. मुलगी तीच होती आणि कपडेही तेच होते. बदलले होते फक्त बाण. आता चौकशी त्यांचीच करायची होती. तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

इथून पुढे आम्ही एक शिस्त पाळली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सहा बाण मारायचे, वहीत लिहायचं, मग दुसरी. माझ्या धंद्यात हे रोजचंच आहे. दोन स्क्रू एकदम फिरवले तर काटा कशामुळे सुधारला हे कधीच कळत नाही.

पहिला नियम तिच्या प्रशिक्षकांनी फोनवर सांगितला. बाण चुकीच्या जागी पण एकत्र पडत असतील तर साइट हलवा. विखुरलेले पडत असतील तर साइटला हातही लावू नका. फाटलेल्या पिशवीचं वजन करण्यात अर्थ नाही, आधी पिशवी शिवा. आमचे बाण विखुरलेले होते, म्हणून साइट सगळ्यात शेवटी.

बाणांना क्रमांक घातले आणि प्रत्येक बाण कुठे गेला ते सहा फेऱ्या लिहिलं. लगेच दिसलं की चार आणि नऊ क्रमांकाचे बाण प्रत्येक वेळी बाकीच्यांपासून दूर पडतात. दुकानातल्या सोनारकामाच्या काट्यावर सगळे तोलले. नवे बाण २२.७ ग्रॅमच्या आसपास, चौथा मात्र अर्ध्या ग्रॅमहून जास्त जड. नवव्याचं नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी शेपटीची खाच, तिरकी बसलेली. सपाट काचेवर बाण घरंगळवला की शेपूट थरथरताना दिसत होतं. नॉक बदललं, चौथा बाजूला ठेवला.

मग उरलेल्या बाणांच्या पिसांवर आणि रेस्टवर टाल्कम पावडर शिंपडली. रेस्ट म्हणजे बाण जिच्यावर टेकतो ती पातळ पट्टी. एक बाण सोडला आणि पाहिलं तर पावडर एका पिसाच्या कडेवरून पुसलेली. म्हणजे पीस जाताना पट्टीला घासत होतं. जुन्या बाणांत पिसं वेगळ्या कोनात बसवली होती, म्हणून ती सुटून जात. नॉक थोडंसं फिरवून पट्टी दोन पिसांच्या मधे येईल असं केलं. पुन्हा पावडर, पुन्हा बाण. या वेळी पावडर शाबूत. त्या संध्याकाळी ताटाची थाळी झाली.

मग नॉक दोरीवर किती घट्ट बसतं ते पाहिलं. धनुष्य न ताणता, दोरी आडवी धरून बाण खाली लोंबकळत ठेवायचा आणि नॉकजवळ दोरीवर बोटाने टिचकी मारायची. हलक्या टिचकीने बाण सुटून पडला पाहिजे. आपोआप पडला तर सैल, तीन-चार टिचक्या लागल्या तर घट्ट. आमचं ठीक होतं. काही तपासण्यांतून "इथे दोष नाही" एवढंच कळतं, तेही वहीत लिहायचं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. जुना बाण जाड, नवा बारीक. दोन्ही त्याच खाचेत टेकतात. पण बारीक बाण खाचेत खोल बसतो, त्यामुळे त्याच्या मध्याची उंची मिलिमीटरभराने, कधी त्याहून थोडी जास्त, खाली येते. मागची बाजू मात्र दोरीवर आहे तिथेच राहते. म्हणजे बाण किंचित नाक खाली घालून निघतो. रेस्ट तेवढा वर उचलला. मग एका बाणाची पिसं काढून तो उघडाच मारला, तोही फक्त २० मीटरवरून, कारण उघडा बाण भरवशाचा नसतो. पिसं असलेला बाण वाटेत आपली चूक सावरतो. उघडा सावरत नाही, तो निघाला कसा हे खरं सांगतो. उघडा बाण पिसांच्या बाणांपासून चार बोटं बाजूला पडत होता. रेस्ट अर्धा मिलिमीटर सरकवला, पुन्हा मारला. तिसऱ्या खेपेला तो त्यांच्या शेजारी जाऊन टोचला.

इथे स्पाइनचा विषय येतो. बाण किती वाकतो त्याचं हे माप. बाणाची कांडी २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच वाकली तर तिचं स्पाइन ५००. म्हणजे आकडा मोठा तितका बाण लवचीक. आमचे जुने ६०० चे, नवे ५५० चे, थोडे ताठ. पण नव्यांची टोकं जड होती, आणि टोक जड असलं की कांडी सुटताना जास्त वाकते. एकाने दुसऱ्याची भरपाई केली, म्हणून अर्ध्या मिलिमीटरवर भागलं. फरक मोठा असता तर टोकाचं वजन बदलावं लागलं असतं किंवा धनुष्याचा ताण कमीजास्त करावा लागला असता.

आमच्या नात्यातले एक बुजुर्ग हे सगळं पाहून म्हणाले होते, "हे काय इंग्रजी खूळ आहे, आपल्याकडे तीर नुसता उचलायचे आणि मारायचे." त्यांना मी अदबीने सांगितलं की आपल्याकडेही असं नव्हतं. साधारण १५०० सालच्या सुमाराचा तिरंदाजीवरचा एक अरबी ग्रंथ आहे. नबीह अमीन फारिस आणि रॉबर्ट एल्मर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद १९४५ मध्ये प्रिन्स्टनमधून काढला. त्यात धनुष्याच्या ताकदीला किती वजनाचा बाण शोभतो याची चर्चा आहे. आमच्या सोनारकामाच्या काट्यावर जे चाललं होतं ते काही नवं नव्हतं. बुजुर्ग हसले आणि म्हणाले, "मग तोल नीट."

आता बाण एकत्र पडत होते. बशी नाही, पण बशीच्या जवळ. तरीही वीतभर खाली. आता साइटची पाळी. हे खाली का जात होते ते काट्याने आधीच सांगितलं होतं. जुना बाण २०.७ ग्रॅम, नवा २२.७. धनुष्य देतं ती ताकद जवळपास तेवढीच, मग जड बाण हळू जाणार. जुना सेकंदाला ७६ मीटर जात असेल असं धरलं, तर नवा ७३ च्या आसपास. ५० मीटर जायला जुन्याला ०.६६ सेकंद, नव्याला ०.६८. हवेचा विरोध सोडला तर तेवढ्या वेळात जुना २.१२ मीटर खाली येतो आणि नवा २.३० मीटर. फरक १८ सेंटिमीटर. हीच आमची वीत! आणि २० मीटरवर हाच हिशोब केला तर फरक जेमतेम ३ सेंटिमीटर येतो. म्हणून जवळून मारताना सगळं ठीक वाटत होतं आणि लांबून मुलगी बिघडल्यासारखी दिसत होती.

साइट कुठे हलवायची हे नवख्याला उलटं वाटतं. बाण खाली जातो तर साइट खाली घ्यायची. साइट खाली गेली की तीच निशाणावर आणण्यासाठी धनुष्य वर उचलावं लागतं, आणि बाण वर जातो. डावीकडे जात असेल तर साइट डावीकडे. बाण जिकडे, साइट तिकडे. किती हलवायची? डोळ्याजवळच्या पीपपासून साइट साधारण ८० सेंटिमीटरवर, निशाण ५० मीटरवर. म्हणजे साइटवरचा १ मिलिमीटर निशाणावर ६ सेंटिमीटरहून थोडा जास्त होतो. १८ सेंटिमीटरला ३ मिलिमीटरच्या आतच काम झालं. गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढं अंतर, आणि त्यासाठी पोरगी तीन दिवस जेवली नव्हती.

जुन्या खुणांची पट्टी मात्र काढून टाकावी लागली. जड बाण अंतरागणिक जास्त झुकतो, म्हणून सगळ्या खुणा सारख्या सरकवून चालत नाही, त्यांच्यामधलं अंतरही वाढतं. २०, ३०, ४० आणि ५० मीटर, प्रत्येक ठिकाणी सहा-सहा बाण मारून तिने नवी पट्टी आखली. हे सगळं चाचणीच्या दोन दिवस आधी संपलं. शेवटच्या दोन दिवसांत तिने कशालाच हात लावला नाही.

चाचणीत ती चौथी आली. पहिल्या तिघी संघात, चौथी राखीव. आपा थोडी हिरमुसली. भाचीने बसमध्येच वही काढून दाखवलं की दुपारी वारा सुटल्यावर एका फेरीत चार बाण लालमध्ये गेले, गुण तिथे गेले, आणि वाऱ्यातला सराव आपण केलेलाच नव्हता. ओढणीचा सल्ला देणारा खेळाडूही तिथे होता. त्याने तिच्या साइटची पट्टी पाहिली आणि विचारलं, "हे कोणी करून देल्लं?" ती म्हणाली, "मीच." तो पुढे काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात स्वतःचे बाण तोलायला तो माझ्या दुकानात आला. मी पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

नेम चुकला की आपण आधी माणसाकडे पाहतो, आणि माणसातही जे वेगळं दिसतं तिकडे पाहतो. ते सोपं असतं. त्याला काटा लागत नाही, वही लागत नाही, दहा दिवस लागत नाहीत. तुमच्या घरात कुणी मूल कुठल्याही खेळात अचानक मागे पडलं, तर त्याला काही बोलण्याआधी एवढं विचारा: गेल्या महिन्यात काय बदललं? आणि जुनी वस्तू घरात असेल तर ती एकदा त्याच्या हातात देऊन बघा.

ते सहा जुने बाण आता भाचीकडे नाहीत. गावातला एक नववीतला मुलगा नुकताच कंपाऊंडवर आला आहे, त्याला तिने ते दिले. प्रत्येक बाणाला तिने कागदाची चिठ्ठी गुंडाळून दोऱ्याने बांधली होती. चिठ्ठीवर बाणाचा क्रमांक, ग्रॅममध्ये वजन, स्पाइनचा आकडा, आणि खाली एक ओळ: साइट सगळ्यात शेवटी हलव.